किट कारसाठी डोनर गाडी: जुनी मारुती घेताना आणि खोलताना

स्वतःच्या हातानं सुट्या भागांतून गाडी, म्हणजे किट कार, बांधायची म्हटली की बहुतेक जण आधी लोखंडाच्या दुकानात जातात. चौकोनी पाइप येतो, वेल्डिंग सुरू होतं, सांगाडा उभा राहतो. मग कळतं, की मिळालेलं इंजिन त्यात बसत नाही, आणि बसलं तर एक्सल पुरत नाही. हे काम दुसऱ्या टोकाकडून सुरू करायचं असतं. आधी एक जुनी पण पूर्ण आणि चालू गाडी विकत घ्यायची, तिची मापं घ्यायची, ती खोलायची आणि मग त्या सामानाच्या मापाचा सांगाडा बांधायचा. या गाडीला डोनर म्हणतात.

सुटे भाग वेगवेगळे जमवले तर स्वस्त पडेल असं वाटतं, पण पडत नाही. इंजिन एका कबाड्याकडचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, वायरिंग तिसऱ्याच गाडीचं, असं झालं की एकेका ब्रॅकेटसाठी आणि सेन्सरसाठी तालुक्याहून नागपूर-अमरावतीच्या खेपा घालाव्या लागतात. पूर्ण गाडीत अॅक्सिलरेटरच्या केबलपासून टाकीच्या झाकणापर्यंत सगळं एकमेकांशी जुळलेलं असतं. तुम्ही खरं तर हा जुळलेपणाच विकत घेता.

ही पद्धत जुनी आहे. इंग्लंडात १९५७ साली आलेली लोटस सेव्हन सुट्या भागांच्या रूपातही विकली जायची, कारण तयार गाडीवरचा कर सुट्या भागांवर लागत नसे. पुढे तिथल्या घरगुती बांधणाऱ्यांनी जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं सामान वापरून तशाच गाड्या बांधल्या. आपल्याकडे अलिबागच्या चिंकारा मोटर्सनं त्याच धर्तीची रोडस्टर काढली, तिला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन होतं. बाकी आपल्या बाजारात तयार किट जवळपास मिळतच नाही. सांगाडा आपणच बांधायचा, म्हणून डोनर निवडताना चूक झाली तर सावरायला कोणी नसतं.

रस्त्याचं आधीच बोलून घेऊ

घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवून दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं, मालकानं असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ‘जुन्या मारुतीची आरसी आहे, तोच नंबर नव्या सांगाड्यावर लावू’ हा सल्ला गावात हमखास मिळतो. तो ऐकू नका. नव्या रचनेला मान्यता हवी तर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून चाचण्या करून घ्याव्या लागतात, आणि एका गाडीसाठी तो खर्च परवडत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी जुन्या सामानातून छोटी जीप बांधली, ती डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच लिहिलं, की नियमात बसत नसल्यानं अधिकारी ही गाडी आज ना उद्या थांबवतील. बदल्यात त्यांनी बोलेरो दिली. सगळ्यांच्या नशिबी बोलेरो नसते. म्हणून आपली गाडी शेतासाठी, वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत फिरण्यासाठी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किंवा खाजगी मैदानासाठी आहे हे मनात पक्कं करून मगच पैसे काढा.

कोणती गाडी

माझं मत सरळ आहे: इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना अशी गाडी हवी असेल तर ओम्नी, आणि इंजिन पाठीमागे असलेली बग्गी (उघड्या सांगाड्याची हलकी गाडी) हवी असेल तर मारुती ८००. दोन्हींत ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे. ताकद फार नाही, पस्तीस-सदतीस अश्वशक्ती, पण साडेसहाशे किलोच्या ८०० ला ती पुरत होती, मग तुमच्या त्याहून हलक्या बग्गीला नक्कीच पुरेल. शिवाय विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याला हे इंजिन डोळे मिटून उघडणारा मिस्त्री आहे.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसतं. तिथून प्रॉपेलर शाफ्ट (ओढ मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा) मागे जातो आणि मागचा सलग एक्सल कमानपाट्यांवर टेकतो. हा सगळा संच उचलून लांब सांगाड्यात ठेवता येतो. अडचण शाफ्टच्या लांबीची येते. ओम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, फक्त १८४० मिलिमीटर, तुमची गाडी त्याहून लांब असणार. शाफ्ट कापून वाढवणं हे गावातल्या वेल्डरचं काम नाही. बॅलन्सिंग करून देणाऱ्या लेथवाल्याकडेच तो न्या, नाहीतर वेग वाढला की गाडी थरथरते आणि गिअरबॉक्सचं मागचं बेअरिंग जातं.

८०० मध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची चाकं हा एकच आडवा गठ्ठा आहे. तो तोंड न फिरवता जसाच्या तसा सीटच्या मागे नेला की ओढ मागच्या चाकांना मिळते. यात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येते. पुढचे हब आणि नकल (चाक वळवणारे सांधे) मागे गेले, म्हणजे पुढे वळणारी चाकं लावायला काहीच उरत नाही. त्यासाठी दुसऱ्या ८०० चा पुढचा संच कबाड्याकडून घ्यावा लागतो, तो खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरा. मागे गेलेल्या नकलचे स्टिअरिंगचे हात पक्क्या लिंकनं बांधून टाकावे लागतात. रेडिएटर मात्र पुढेच ठेवा. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, तिथे सीटमागे कोंडलेला रेडिएटर टिकत नाही.

जिप्सी उत्तम, पण हौशी लोकांनी तिचे भाव वर नेऊन ठेवलेत. तिला खोलणं म्हणजे पापच. पद्मिनी आणि अँबेसेडर मागच्या ओढीच्या आहेत, पण पद्मिनीचं सामान शोधण्यात वर्ष जाईल आणि अँबेसेडरचा एक्सल हलक्या गाडीला जड होतो.

कार्ब्युरेटर की एमपीएफआय, म्हणजे सेन्सर आणि संगणकावर चालणारं पेट्रोल इंजेक्शन? शिकण्यासाठी बांधत असाल तर कार्ब्युरेटर. वायरिंग चार तारांचं आणि बिघाड डोळ्यांना दिसतो. एमपीएफआय घेतलीत तर ईसीएम (इंजिनाचा संगणक), पूर्ण हार्नेस (तारांचा जुडगा), सगळे सेन्सर आणि मूळ चावी हा एकच संच समजा. नंतरच्या मॉडेलांत चावी आणि ईसीएम एकमेकांना ओळखतात. चावी हरवलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा.

शोध आणि पाहणी

गाडी कुठून आली हे तिच्या नंबरावरून अर्धं कळतं. एमएच २७ ते ३७, शिवाय ४० आणि ४९, हे आपले विदर्भाचे. आपल्या कोरड्या हवेत पत्रा तुलनेनं बरा राहतो. एमएच ०६, ०७, ०८ म्हणजे किनारपट्टी, तिथली गाडी खालून सडलेली असू शकते. पत्रा तुम्हाला टाकूनच द्यायचा आहे, पण त्याच गंजानं ब्रेकचे पाइप, सस्पेन्शनचे बोल्ट आणि टाकीही खाल्लेली असते. आपल्या गाड्यांचं दुखणं वेगळं. काळ्या मातीचा चिखल मडगार्डच्या आत चिकटून महिनोन्‌महिने ओल धरतो, तो खरवडून आत बघा. वणी-चंद्रपूरकडे कोळशाच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीचा एअर फिल्टर उघडा. फिल्टरच्या पलीकडच्या नळीत बोट फिरवून काळी भुकटी आली, तर पिस्टन रिंगांनी ती खाल्लेली आहे.

नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ ला नाग नदीच्या पुराचं पाणी वस्त्यांत शिरलं, कितीतरी गाड्या बुडाल्या. त्या आता धुऊन-पुसून बाजारात फिरू शकतात. सीटच्या रुळांखाली आणि कार्पेट उचलून गाळाची रेघ शोधा. एमपीएफआय असेल तर ईसीएमच्या प्लगमध्ये हिरवट पावडर आहे का ते पाहा. असेल तर नमस्कार करून निघा.

गोठ्यात किंवा सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी राहिलेली गाडी उंदरांची असते. डॅशबोर्डखाली हात घाला. कुरतडलेल्या तारा हाताला लागतात, लेंड्यांचा वासही येतोच. हार्नेस गेलेला असेल तर एमपीएफआय गाडीची किंमत कबाडाएवढीच धरा.

समोरून धडकलेली ८०० कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आपल्याला हवं ते सगळं तिच्या पुढच्याच भागात असतं. उलट मागून ठोकलेली, काच फुटलेली, रंग उडालेली, सीट फाटलेली गाडी खुशाल घ्या. तिला गिऱ्हाईक नसतं, आणि भाव करताना तेच आपल्या कामी येतं.

आता इंजिन. विकणारा म्हणेल, “भाऊ, बॅटरी उतरली हाय, नाई तं एका सेल्फमधे चालू होते.” चार्ज केलेली बॅटरी आपणच सोबत न्यावी. गाडी थंड असताना चालू करून बघायची असते. उन्हाळ्यात बॉनेट उन्हानंच तापलेलं असतं, हात लावून काही कळत नाही, म्हणून सकाळी सातला जा. आधी ऑइलचं झाकण उघडा. आत दुधासारखा पांढरट फेस म्हणजे पाणी ऑइलमध्ये आलं आहे, बहुधा हेड गॅस्केट. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच काढा, पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघा. सुरू करताच निळा धूर आला आणि थोड्या वेळात कमी झाला तर व्हॉल्व्ह सील गेलेत, ते स्वस्तात होतं. रेस केल्यावर निळा धूर वाढतच गेला तर रिंगा गेल्या.

मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन गेज घेऊन जा. इंजिन गरम करा, तिन्ही स्पार्क प्लग काढा, कॉइलची तार सोडा, कुणालातरी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायला सांगा आणि एकेका सिलिंडरचा आकडा लिहा. तिन्हींत एक किलोपेक्षा, म्हणजे साधारण १४ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. एखादा आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा. ही तपासणी करू न देणाऱ्याकडून गाडी घेऊ नये.

नंतर गाडी चालवा, शेतात का होईना. चारही गिअर आणि रिव्हर्स पडतात का, चढावर ओढताना गिअर सुटून न्यूट्रलला येतो का, हँडल पूर्ण वळवून फिरताना एक्सलमधून कट-कट येते का, ते बघा. खोलल्यानंतर गिअरबॉक्स तपासायची दुसरी संधी मिळत नाही.

भाव

घासाघीस करायला एक तळ माहीत असावा लागतो. जवळच्या कबाड्याला लोखंडाचा आजचा दर विचारा. काच, रबर, सीट वजा करून ८०० मध्ये पाचशे किलो धातू धरला आणि दर किलोला तीस रुपये निघाला, तर पंधरा हजार. एवढे पैसे कबाडीही देईल, म्हणून मालक याच्या खाली येणार नाही. वरची बाजू ठरते ती चालू इंजिन, बरे टायर, बॅटरी आणि स्वच्छ कागदांवर. वर्षानुवर्षं पासिंग संपलेली गाडी मालकाला डोक्यावरचं ओझं असते, पुन्हा पासिंग करायला फी, हरित कर, डेंटिंग-पेंटिंग असा खर्च येतो. तुम्हाला त्या पासिंगची गरज नाही. पण हे बोलताना मालकाच्या गाडीला नावं ठेवू नका. गावात वडिलांच्या पहिल्या गाडीबद्दल माणसं हळवी असतात, आणि ‘खोलायला पाहिजे’ म्हटलं की काही जण गाडी द्यायलाच नकार देतात. तरी आधीच खरं सांगा, पुढे कागदांसाठी त्याच माणसाची सही लागणार आहे.

कागद

“कागदाचं काय टेन्शन घेता, मी सई करून देतो ना” हे वाक्य ऐकलं की तिथेच बसा आणि कागद बघितल्याशिवाय उठू नका.

आरसीवरचं नाव आणि समोरचा माणूस एकच आहे का? मालक वारला असेल तर वारसांच्या नावे आधी नोंद व्हायला हवी. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. कर्ज फेडून जमाना झाला तरी बोजा उतरवायचा राहून गेलेला असतो, हे आपल्याकडे फार दिसतं. एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून नाव, चलान, काळ्या यादीचा शेरा बघा. चोरीची गाडी आहे का ते एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवर तपासता येतं. चेसिस आणि इंजिन नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा, आणि उमटलेले आकडे आरसीशी एकेक करून जुळवा. नंबरभोवती वेल्डिंगची किंवा ताज्या रंगाची खूण दिसली तर सौदा मोडा.

ओम्नी शाळेची व्हॅन म्हणून टॅक्सी पासिंगची असेल तर परमिट, फिटनेस आणि थकलेला कर हे वेगळं प्रकरण. थकबाकी विक्रेत्यानं भरून पावती दिल्याशिवाय इसारापलीकडे पैसे देऊ नका.

नंतर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी स्वतःच्या नावावर करा. ‘खोलायचीच आहे तर नावावर कशाला’ असं वाटेल. पण नोंदणी रद्द करायचा अर्ज मालकालाच करता येतो, आणि तोपर्यंत त्या नंबराचं जे काही होईल त्याला आरसीवरचा माणूस जबाबदार असतो. नावावर करून घ्यायचं नसेल तर अर्ज मूळ मालकाकडूनच करून घ्यायचं लेखी ठरवा.

विमा नसेल किंवा पासिंग संपलं असेल तर गाडी चालवत आणू नका. ८०० सव्वातीन मीटरहून लांब आहे, लहान पिकअपच्या हौद्यात मावत नाही. टो व्हॅन सांगा.

खोलण्याआधी

गाडी दारात आली की पान्हे हातात घ्यायची घाई होते. थोडं थांबा. ज्या मापांवर पुढचं सगळं उभं राहणार, ती गाडी अखंड असतानाच मिळतात. व्हीलबेस (८०० चा २१७५ मिलिमीटर, तरी मोजाच), दोन्ही बाजूंच्या चाकांतलं अंतर, जमिनीपासून हबच्या मध्याची उंची, एक्सलचा कोन, स्टिअरिंग कॉलमचा कोन, पेडलपासून सीटपर्यंतचं अंतर, इंजिन माउंटची एकमेकांपासूनची जागा. इंजिन ज्या कोनात बसलं आहे तो कोनही लिहा, नव्या सांगाड्यात तोच ठेवायचा. कार्ब्युरेटर आणि ऑइलचा सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) त्या कोनासाठीच बनलेले असतात.

गाडीवर विमा-पासिंग असेल, किंवा ती आणताना टो व्हॅनवर असेल, तर वाटेत जिनिंगच्या वजनकाट्यावर थांबा, टो व्हॅनवरची गाडी तिथे उतरवून घ्या. पूर्ण वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन घ्या. पुढे किती आणि मागे किती हे कळलं की स्प्रिंग आणि ब्रेकचा अंदाज कागदावर बांधता येतो. हंगामात तिथे कापसाच्या गाड्यांची रांग असते, दुपार टळून गेल्यावर जा.

खोलताना

उघड्या अंगणात काम करायचं असेल तर मृगाच्या आत संपेल असं धरून चला. उन्हाळ्यात सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी, मधल्या वेळात पान्हाही हातात धरवत नाही.

पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पेट्रोल हातपंपानं उपसून झाकणाच्या डब्यात घ्या, आणि टाकी काढून कामाच्या जागेपासून लांब, सावलीत ठेवा. रिकाम्या टाकीतल्या वाफेचाच भडका उडतो, म्हणून तिला वेल्डिंग किंवा ग्राइंडर कधीही लावू नका. ओम्नीत गॅस किट असेल तर ती टाकी किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाकडूनच उतरवा. एसी असेल तर गॅस काढायला एसी मिस्त्री बोलवा.

हबचे मोठे नट गाडी चाकांवर उभी असतानाच सैल करा. कुणालातरी ब्रेक दाबून बसवा आणि पान्ह्याला लांब पाइप लावा. गाडी वर उचलल्यावर ते नट सुटत नाहीत. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री डिझेल आणि ऑइलचं मिश्रण सोडून ठेवा. गाडी विटांवर किंवा जॅकवर ठेवून खाली शिरू नका. लोखंडी स्टँड तुमचा वेल्डर तासाभरात करून देईल.

सगळ्यात जास्त वेळ वायरिंगला द्या. तारांचा कुठलाही प्लग ओढण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून एकच नंबर लिहा, वहीत त्या नंबरासमोर ‘डावा हेडलाइट’, ‘ऑइल प्रेशर स्विच’ असं लिहा आणि मोबाइलवर फोटो घ्या. तारा कापायच्या नाहीत, एकही नाही. फ्यूजबॉक्स, अर्थच्या तारा आणि त्या जिथे बोल्टनं बसल्या होत्या ती जागा, सगळं टिपा. किट कार सुरू न होण्याच्या तक्रारी निम्म्याहून अधिक अर्थिंगच्या असतात, असा माझा समज आहे. बोल्ट पुड्यांत घालून पुडीवर नाव टाका, किंवा काढलेल्या भागातच परत हातानं बसवून ठेवा. दुसरी पद्धत मला जास्त भरवशाची वाटते.

इंजिन गिअरबॉक्ससकट उतरवा. चेन पुली शेडच्या गर्डरला किंवा तीन पायांच्या लोखंडी घोडीला अडकवा, झाडाच्या फांदीला नको. स्ट्रटची (चाकावरच्या शॉकअॅब्सॉर्बरची) स्प्रिंग ती दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय उघडू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते. ब्रेक ड्रममधली भुकटी हवेच्या कॉम्प्रेसरनं उडवू नका. ओल्या फडक्यानं पुसा आणि तोंडाला रुमाल बांधा.

पावसाळा मध्ये येणार असेल तर प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडून प्लग परत लावा, इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं बोळ्यानं बंद करा, आणि दर पंधरवड्याला क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पान्हा लावून इंजिन हातानं फिरवा.

उरलेला सांगाडा

पत्रा कबाड्याला देण्याआधी आरटीओत जा. कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकानं चौदा दिवसांत आरसीसह तसं कळवायचं असतं. २०२१ च्या नियमांनंतर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रंही आली आहेत. इंजिनाशिवायचा सांगाडा घेतात का आणि प्रमाणपत्र देतात का, हे तिथे गाडी खोलण्याआधी विचारून ठेवलेलं बरं. काहीही झालं तरी नोंदणी रद्द होईपर्यंत चेसिस नंबरचा पत्रा कापू नका आणि कुणाला देऊ नका. चोरीच्या गाडीवर वेल्ड करायला असे तुकडे आणि कोऱ्या सह्यांच्या आरसी विकत घेणारे लोक आहेत. कबाडी “नंबर प्लेटसकट द्या, दोन हजार जास्त देतो” म्हणाला, तर ते दोन हजार कशाचे हे ओळखा आणि दुसरा कबाडी बघा. ज्याला द्याल त्याच्याकडून गाडीचा नंबर, वजन आणि तारीख असलेली पावती घ्या, आणि ती रद्द झालेल्या नोंदणीच्या कागदासोबत फाइलला लावा.